ही तुमची कोण लागते?

१२ फेब्रुवारी

जुन्या संत्र्याची पानं शेंड्याकडून पिवळी पडायला लागली आहेत. पाणी जास्त होत असेल म्हणून पाणी तोडून पाहिलं, फरक नाही. या वहीत मी रोपवाटिकेखेरीज काही लिहीत नाही. घरातलं घरात राहावं. पण आज लिहितो, कारण बोलायला गेलो तर तोंडातून काहीतरी वेडंवाकडं जाईल.

जेवताना चिरंजीवांनी जाहीर केलं, की त्यांचं ठरलं, मूल दत्तक घेतायत. तान्हं नाही, चांगली सात वर्षांची मुलगी. सूनबाई मान खाली घालून ताटाकडे बघत होती. आमच्या हिला, म्हणजे बायकोला, आधीपासून माहीत होतं हे लगेच कळलं, कारण ही वाढताना गरज नसताना हसत होती. चाळीस वर्षांच्या संसारात एवढं ओळखता येतं. घरातली बातमी सगळ्यांत शेवटी मला कळते. मी आपला झाडांच्या गावचा.

मी विचारलं, "कोणाची मुलगी?"

चिरंजीव म्हणाले, "आमची."

"तसं नाही रे, मूळची कोणाची?"

"ते कोणालाच माहीत नाही, बाबा."

चिरंजीव चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासतो, मी झाडांचे डोळे बांधतो, म्हणजे कलमं करतो. दोघांनाही समोरचं नीट दिसतं असं आम्ही एकमेकांना चिडवत असतो. आज त्यानं चिडवलं नाही.

१५ फेब्रुवारी

मला काय सलतंय ते लिहूनच टाकतो.

आमच्या चर्चची जुनी रीत आहे. बाप्तिस्म्याच्या वेळी पाळक घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला पुढे बोलावतात आणि विचारतात, "हे लेकरू तुमचं कोण लागतं?" त्यानं नातं सांगायचं आणि पुढे म्हणायचं, "देवानं आमच्या वाडवडिलांशी केलेला करार याच्याशीही आहे, आणि याच्यामागून याच्या मुलाबाळांशी." माझ्या वेळी माझे आजोबा उभे राहिले. आमच्या घरात विश्वास धरणारे ते पहिले. चिरंजीवांच्या वेळी माझे वडील. तेव्हा त्यांना धड उभंही राहवत नव्हतं, तरी दोघांच्या खांद्यांवर हात टाकून उभे राहिले आणि शेवटच्या बाकापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाले, "नातू लागतो."

पुढची पाळी माझी. इतकी वर्षं वाट पाहिली. सूनबाईची दोन बाळं पोटातच गेली, तेव्हा आत जाऊन एकटा रडलो, हे हिलाही माहीत नाही. आजोबांपासून चालत आलेलं वचन आमच्या घरी येऊन थांबणार, असं वाटलं.

पण म्हणून कोणा परक्या मुलीला "नात लागते" म्हणायचं, तेही देवासमोर? ती गुणी असेल. तिला जेवूखाऊ घालू, शिकवू, माझी ना नाही. पण वचन "तुला आणि तुझ्या संततीला" असं आहे. संतती म्हणजे संतती. मी जन्मात गिऱ्हाइकाला रानटी रोप कलम म्हणून विकलं नाही. म्हातारपणी देवाला फसवू?

हिला हे सगळं सांगितलं. ही म्हणाली, "मला फसवायला तुम्हाला कधी जमलं नाही, देवाचं काय घेऊन बसलात?"

हिच्याशी गंभीर बोलण्यात अर्थ नसतो.

२ मार्च

आली. हडकुळी आहे, केस कोणीतरी घाईत कापलेले. हातात एक निळी कापडी पिशवी. सूनबाईनं कपाट दाखवलं, खास तिच्यासाठी रंगवून घेतलेलं. तिनं ते उघडून पाहिलं, छान आहे म्हणाली आणि पिशवी दाराजवळच ठेवली. खुर्चीवर बसली तीसुद्धा अगदी कडेला, गाडीची वाट बघत असल्यासारखी.

वातावरण जरा हलकं करावं म्हणून मी म्हणालो, "या या, पाहुण्या! पाहुणीला पाणी द्या कोणीतरी." सगळे हसले. तीही हसली. म्हणजे आमची सुरुवात काही वाईट झाली नाही. संध्याकाळपर्यंत मी तिला पाहुणीच म्हणायला लागलो होतो. तिनंही मला नाव ठेवलं: झाडवाले. "ओ झाडवाले, या झाडाला काटे का?" अशी हाक मारते. तोंड आहे मुलीला.

५ मार्च

गुलाबवाल्या बाई आल्या होत्या. दर महिन्याला गुलाबाची रोपं नेतात आणि दर महिन्याला मारतात. चांगलं गिऱ्हाईक आहे. पाहुणी कुंड्यांपाशी मुंग्या बघत होती. बाईंनी विचारलं, "ही तुमची कोण लागते हो?"

मी म्हणालो, "पाहुणी आहे."

खोटं काही बोललो नाही. तरी दुपारी जेवण गोड लागलं नाही. उन्हानं असेल.

९ मार्च

जुन्या संत्र्याच्या बुंध्याभोवती खणून पाहिलं. जमिनीलगत साल फाटून डिंक गळतोय. डिंक्या रोग. एका बाजूची मुळं हाताला लागली ती ओल्या कागदासारखी सुटून आली. वरून एवढा डेरेदार दिसणारा जीव, खाली कुजत चाललाय.

हे झाड माझ्या आजोबांनी लावलं, माझ्या वडिलांचा जन्म झाला तेव्हा. रोपवाटिकेतलं प्रत्येक संत्रं याच्याच डोळ्यापासून बांधलेलं. बीपासून वाढवलं तर त्याच गोडीचं फळ येईल असा भरवसा नाही. म्हणून याचा डोळा काढून दुसऱ्या खुंटावर बांधायचा, म्हणजे तेच झाड पुढे चालतं. पिढ्या अशाच चालवाव्या लागतात.

पाहुणी केव्हा शेजारी येऊन उकिडवी बसली, कळलं नाही. डिंकाकडे बोट दाखवून म्हणाली, "रडतंय का?"

"झाडं रडत नाहीत. डिंक येतो."

"मग कळतं कसं?"

"काय?"

"त्याला दुखतंय ते."

मी तिला फावडं आणायला पाठवलं.

११ मार्च

छाटणीची जुनी कात्री पडून होती. मूठ घासून लहान केली. कोणासाठी म्हणून नव्हे. वापरात नसलं की लोखंड गंजतं.

१७ मार्च

उपासनेनंतर पाळकसाहेब घरी आले. वयानं चिरंजीवांएवढे, पण ऐकून घेण्याची कला आहे माणसात. मी आडपडदा न ठेवता माझी अडचण सांगितली.

ते म्हणाले, "बायबलात प्रेषितानं लिहिलंय ना, रानटी फांदी आणून चांगल्या झाडावर कलम केली म्हणून. तुम्ही तर त्याच धंद्यातले."

म्हटलं, "धंद्यातला आहे म्हणूनच सांगतो. प्रेषितांबद्दल आदर आहे, पण हे कलम उलटं आहे. आम्ही चांगली फांदी रानटी खुंटावर बांधतो. रानटी फांदी चांगल्या झाडावर बांधणाऱ्या माळ्याला मी दुसऱ्या दिवशी कामावर ठेवणार नाही."

पाळकसाहेब पोट धरून हसले. "तोही तेच म्हणतो हो! निसर्गाच्या उलट आहे, असं स्वतःच लिहून ठेवलंय त्यानं. निसर्गानं झालं असतं तर त्यात देवाची मेहरबानी ती काय?"

मी म्हणालो, वाक्य सुंदर आहे, पण माझं काम सुंदर वाक्यांवर चालत नाही. मग त्यांनी देवानं अब्राहामाशी करार केला तो अध्याय पुन्हा नीट वाचायला सांगितलं. त्यांना काय ठाऊक! तो अध्याय मला तोंडपाठ आहे. वडील प्रत्येक वाढदिवसाला वाचायचे, "तुझा आणि तुझ्यामागून तुझ्या संततीचा देव" इथवर, आणि मग पुस्तक मिटून डोक्यावर हात ठेवायचे.

बाप्तिस्मा जूनमधल्या एका रविवारी ठरला. जाताना ते म्हणाले, "घाई नाही. पण प्रश्न मी तुम्हालाच विचारणार, दुसऱ्या कोणाला नाही."

२८ मार्च

झाड वाचवायचा एकच मार्ग आहे, तोही माझ्या वडिलांनी एकदाच वापरला होता. बुंध्याभोवती जंगली लिंबाची रोपं लावायची. ज्याचं फळ कोणी तोंडात घालत नाही, पण मुळं दगडातून वाट काढतात, ते लिंबू. त्यांनी मूळ धरलं, की त्यांचे शेंडे तासून, कुजलेल्या भागाच्या वर, म्हाताऱ्या झाडाच्या सालीखाली सरकवायचे आणि बांधायचे. जुळलं, तर ती रोपं आपल्या मुळांनी झाडाला पाजायला लागतात. म्हाताऱ्याची स्वतःची मुळं गेली तरी चालतं.

पाहुणीला हे समजावून सांगत होतो. ती म्हणाली, "म्हणजे छोटी झाडं मोठ्याला जेवू घालणार?"

"तसंच काहीसं."

"पण ती त्याची कोणी नाहीत ना?"

"नाहीत. रानातून आणलीत."

"मग ती का घालतील?"

"एकदा जुळली की ती वेगळी राहत नाहीत. साल एक, रस एक. मग कोण कोणाला घालतं ते झाडालाही सांगता यायचं नाही."

चार रोपं लावली. त्यांतलं एक तिनं स्वतः लावलं, सुधारलेल्या कात्रीनं त्याची खालची पानं कापली. थोडं वाकडं लावलं होतं. मी सरळ करणार होतो, मग म्हटलं असू दे, वाकडं रोपही जगतं.

१४ एप्रिल

साल सुटायला लागली. म्हणजे चाकू लावला की लाकडापासून अलगद वेगळी होते. हीच वेळ. बुंध्याच्या सालीला उलट्या टीसारखी चीर घेतली, खालून वर रोपाचा शेंडा सरकवला, बारीक खिळ्यानं धरला, वरून मेण. चारही रोपं बांधली. पाहुणीचं रोप तिनं स्वतः बांधलं. जीभ बाहेर काढून, श्वास रोखून. दोरी आवळताना विचारलं, "लागलं?"

म्हटलं, "आज नाही कळत. कलम लागायला दिवस जावे लागतात."

"लागलं म्हणजे काय?"

"जुळलं. त्याचं झालं."

त्यावर तिनं दोरीची गाठ पुन्हा एकदा ओढून पाहिली. मुलीला कामाची आवड आहे, हे मान्य करायला हवं.

काम संपल्यावर सावलीत पाणी पिताना माझ्या डोक्यात आलं, की पाळकसाहेबांना आज बोलवायला हवं होतं. पण हे कलम दुरुस्तीचं आहे. त्याचा त्या वादाशी काही संबंध नाही.

२१ एप्रिल

चिरंजीवांना विचारलं, मी उभा राहिलो नाही तर काय करणार? माझ्याशी भांडेल असं वाटलं होतं. तो चष्मा पुसत म्हणाला, "तुमची जागा रिकामी ठेवीन, बाबा. दुसऱ्या कोणाला उभं करणार नाही. पण प्रश्न विचारला जाईल आणि उत्तर येणार नाही, तेव्हा ती तिथं उभी असेल. एवढं लक्षात ठेवा."

भांडला असता तर बरं झालं असतं.

५ मे

तीन रोपं हिरवीगार आहेत, सालीशी जुळतायत असं दिसतंय. पाहुणीचं वाळलं. मला परवाच कळलं होतं, पण तिला सांगायचं टाळत होतो. आज सकाळी पाहतो तर ती गेटपाशी बसलेली, मांडीवर निळी पिशवी, पायांत बूट, केसांना पाणी लावून नीट बसवलेले.

"कुठं निघालीस?"

"तुम्हीच सांगा. कधी येणार न्यायला?"

"कोण न्यायला?"

"माझं नाही लागलं ना. वाळलं."

मी म्हटलं, अगं वेडे, रोप वाळलं म्हणून माणसाला कोण नेतं? ती शांतपणे, मोठ्या माणसानं लहानाला समजवावं तसं म्हणाली, "आधीच्या घरी पण तसंच झालं. त्या काकू म्हणाल्या, हिचा इथं जीव लागत नाही. मग संस्थेतल्या ताई न्यायला आल्या. आणि इथं तर मी पाहुणीच आहे. पाहुणी परत जातेच ना?"

मी तिच्या शेजारी खाली बसलो. गुडघे कुरकुरले. आधी कोणीतरी या पोरीला घरी नेलं होतं आणि परत करून टाकलं होतं. चिरंजीवांना माहीत असणार, मला कोणी सांगितलं नाही. आणि मी, मी तर तिला रोज दहादा आठवण करून देत होतो, की तू जाणार आहेस. मला वाटत होतं थट्टा चाललीय. तिनं कपाटात एक फ्रॉकसुद्धा ठेवलेला नाही, आणि मला वाटत होतं मुलगी व्यवस्थित आहे.

म्हटलं, "ऐक. कलम लागलं नाही, तर कोणी रोपाला बोल लावत नाही. बांधणाऱ्याचा हात चुकला असं म्हणतात. आमच्या धंद्यात कोणालाही विचार."

"पण बांधलं मी."

"आणि शिकवलं कोणी?"

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "म्हणजे तुमचा हात चुकला?"

"माझा चुकला."

"मग आता?"

"आता काय, दुसरं रोप आणू. साल अजून सुटतेय. ऊठ, मलाही हात दे उठायला."

तिनं हात दिला. पिशवी मात्र काखेतच ठेवली.

६ मे

नवीन रोप लावलं. तयार मुळांचं, कुंडीतलं, म्हणजे लगेच बांधता आलं. शेंडा तिनं सरकवला, दोरी दोघांनी मिळून आवळली. सारा दिवस तिला काय हाक मारावी कळेना. "अगं ए" म्हणून निभावलं.

देवासमोर खोटं बोलू नये म्हणून मी एवढा जपतोय. पण मुलीसमोर रोज जे बोलत होतो, ते देव ऐकतच होता की.

१९ मे

अब्राहामाचा अध्याय काढला. वडील जिथं पुस्तक मिटायचे तिथं मीही आपोआप मिटणार होतो. आज पुढे वाचलं. थोडंच खाली आहे. कराराची खूण, तेव्हा सुंता आणि आता बाप्तिस्मा, घरातल्या प्रत्येकाला द्यायची. घरात जन्मलेल्यालाही, आणि जो परक्यांकडून विकत घेतला, जो तुझ्या वंशातला नाही, त्यालाही. "तुझ्या वंशातला नाही", असं स्पष्ट लिहिलंय. आयुष्यभर हा अध्याय ऐकतोय, आणि ही ओळ कानाला कधी लागलीच नाही.

तरी शंका राहिली, ती लपवत नाही. ते लोक विकत घेतलेले दास होते, त्यांना कोणी विचारलं होतं? पाळकसाहेब नेमके लिंबाची रोपं न्यायला आले होते, त्यांनाच गाठलं. ते म्हणाले, "खरंय. ते वाचताना मलाही अवघडतं. पण वचनाचं कुंपण कुठं घातलंय ते बघा. रक्तापाशी नाही घातलं. उंबरठ्यापाशी घातलंय. आत आला तो आतला."

संध्याकाळी हिला म्हटलं, "पण 'लागते' कसं म्हणायचं? नातं रक्तानं लागतं."

ही कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "मी तुमची कोण लागते?"

"हे काय विचारणं झालं?"

"सांगा तर. चाळीस वर्षं बायको लागते. कुठल्या रक्तानं लागते?"

मी उठायला लागलो.

"आणि तुमचे आजोबा? त्यांच्या आधी तुमच्या घरात कोण होतं विश्वासातलं? त्यांना तर त्यांच्याच लोकांनी घराबाहेर काढलं होतं. ते कुठल्या झाडाचे होते हो?" एवढं बोलून माझ्या हातात चादरीचं टोक दिलं. "धरा नीट. वाकडं धरलं की घडी बसत नाही."

चादर धरली. नीट.

२ जून

दुसऱ्यांदा बांधलेलं रोप तग धरून आहे. लागलं म्हणता येणार नाही, पण वाळलेलंही नाही. शाळेला सुट्टी आहे, ती रोज सकाळी उठली की आधी तिथं जाते. मी सांगितलंय, हात लावायचा नाही, नुसतं बघायचं. नाक अगदी चिकटवून बघते.

मी उभा राहणार का, असं घरात कोणी विचारत नाही. सूनबाई आज बाजारातून माझ्यासाठी पांढरा शर्ट घेऊन आली, काही न बोलता कपाटात ठेवून गेली.

१६ जून

आज झालं. जसं झालं तसं लिहितो, नाहीतर उद्या हीच गोष्ट मी सुधारून सांगेन.

सकाळपर्यंत माझं नक्की नव्हतं. शर्ट घातला, पण शर्ट कोणीही घालतो. गाणी झाली, प्रवचन झालं. पाळकसाहेबांनी चिरंजीव, सूनबाई आणि तिला पुढे बोलावलं. ती मधोमध उभी, हात शिवणीला लावून, वर्गात शिक्षा झाल्यासारखी. पाळकसाहेब आमच्या बाकाकडे वळले. हिनं मला कोपरानं ढोसलं नाही. ही कधी न ढोसता राहत नाही, आज राहिली.

मी उठलो. पुढे गेलो.

"हे लेकरू तुमचं कोण लागतं?"

शब्द ठाऊक होते. कोणासाठी का होईना, वर्षानुवर्षं मनात घोकलेले. पण वडील आठवले, दोघांच्या खांद्यांवर रेललेले, आणि पहिला शब्दच ओठांवर येईना. कोणाचं तरी बाळ कुरकुरलं. चिरंजीवांचा चेहरा पांढरा पडला. त्याला वाटलं, मी नाहीच म्हणणार.

तेवढ्यात शर्टाची बाही ओढली गेली. ती टाचा उंचावून माझ्या कानापाशी आली आणि अगदी हळू म्हणाली, "आजोबा, पाहुणी म्हणू नका हं."

आजोबा म्हणाली. आजवर कधी म्हणाली नव्हती.

"नात लागते," मी म्हणालो. किती मोठ्यानं ते मला माहीत नाही. ही सांगते, बाहेर चपलांपाशी बसलेला कुत्रा उठून पळाला. हिचं सगळं सोळा आणे खरं धरायचं नसतं. मग पुढचं म्हणालो, की देवानं आमच्या वाडवडिलांशी केलेला करार हिच्याशीही आहे, आणि हिच्यामागून हिच्या मुलाबाळांशी.

हे शेवटचं म्हणताना पहिल्यांदा कळलं, की मी काय म्हणतोय. इतके दिवस मी मागेच बघत होतो, आजोबा, त्यांचं झाड, आमचं रक्त. वचन तर पुढे तोंड करून उभं आहे. कधीतरी मी नसेन, चिरंजीवही नसतील, आणि अशीच एक सकाळ असेल. पाळक वळून विचारतील, आणि एक म्हातारी बाई उठून पुढे जाईल. तिलाच विचारतील, हे लेकरू तुमचं कोण लागतं? तिला काय म्हणायचं ते ठाऊक असेल.

डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पुसलं नाही. पाळकसाहेबांनी तिच्या कपाळावर पाणी घातलं, तर तिनं डोळे मिटले आणि म्हणाली, "गार आहे." सगळं चर्च हसलं.

घरी आल्यावर पाहिलं, तर दाराजवळ पिशवी नव्हती. खोलीत पाहिलं, तिथंही नव्हती. मागे गेलो. पिशवीत माती भरून तिनं संत्र्याच्या बिया लावल्या होत्या. ही ओरडत होती, की चांगली कापडी पिशवी वाया घालवली. मी म्हटलं, ओरडू नकोस, तिला नवी कुंडी देतो. बीपासून गोड फळ येईल याचा भरवसा नाही, तेही तिला सांगणार होतो. नाही सांगितलं. येईलही, कोणी सांगावं?

४ जुलै

जुन्या संत्र्याला शेंड्याकडे नवी फूट. पोपटी, नखाएवढी पानं. डिंक थांबला. चारही रोपांच्या दोऱ्या सोडल्या. चौथं, आमचं दोघांचं, मी भीतभीतच सोडलं. साल एक झाली होती. चाकूचं टोक जाईल एवढीही फट नाही.

गुलाबवाल्या बाई नेमक्या तेव्हा आल्या. मागचे गुलाब गेले, असं सांगत होत्या. नातीनं हातातली दोरी गुंडाळता गुंडाळता त्यांना चौथं रोप दाखवलं. बाई कौतुकानं म्हणाल्या, "हुशार आहेस गं! आणि हे तुझे कोण लागतात?"

ती म्हणाली, "आजोबा. आधी नव्हते लागत. आता लागले."

बाईंना काही कळलं नाही. त्यांनी गुलाबाची दोन रोपं घेतली आणि गेल्या.